माळ्यावरचा मेटल डिटेक्टर: बिघडलाय, की अजून नीट ऐकतोय?

अडगळ आवरताना एक लांब दांडा हाती लागतो. एका टोकाला ताटाएवढी चकती, दुसऱ्या टोकाला दोन-तीन बटणांचा डबा, मधे दांड्याभोवती गुंडाळलेली वायर. साठ ते ऐंशीच्या दशकांतला मेटल डिटेक्टर. बॅटरी घालून चालू केला, तर तो एकतर मुका राहतो नाहीतर आसपास काहीच नसताना केकाटत सुटतो. चकतीजवळ नुसता हात नेला तरी सूर बदलतो. पाच मिनिटं तसाच ठेवला तर सूर आपोआप वरखाली सरकत जातो. मग बघणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘भंगारात टाका.’ दुसरा म्हणतो, ‘जुनी वस्तू दणकट असते, मोठी बॅटरी लावून बघा.’

दोघंही घाई करतायत. वरच्या चार लक्षणांपैकी शेवटची दोन पूर्ण ठणठणीत यंत्रातही दिसतात. पहिल्या दोन लक्षणांची कारणं बहुतेक वेळा सुटी, स्वस्त आणि सापडण्याजोगी असतात. मात्र ती शोधायची तर हे यंत्र नेमकं काय ऐकतं, ते आधी कळायला हवं.

ते धातू ओळखत नाही

चकतीच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्या वेटोळ्याला कॉइल म्हणतात. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला, की तिच्याभोवती तितक्याच वेगाने उलटसुलट होणारं चुंबकी क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात नाणं आलं, की नाण्याच्या अंगात गोल फिरणारे छोटे प्रवाह सुरू होतात. वल्हं मारल्यावर पाण्यात भोवरे उठतात तसे. म्हणून त्यांना भोवरा-प्रवाह म्हणू. हे प्रवाह स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतं. लोखंडात भोवरा-प्रवाहाबरोबर आणखी एक गोष्ट घडते: ते चुंबकी क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं. तांबं, चांदी, ॲल्युमिनियम क्षेत्राला ढकलतात. लोखंडाचा खिळा ते गोळा करतो.

डब्यातल्या सर्किटला यातलं काहीच ‘दिसत’ नाही. त्याला एवढंच कळतं, की कॉइलभोवतीची परिस्थिती किंचित बदलली. हे ‘किंचित’ म्हणजे दहा हजारांत एक भाग, कधी त्याहूनही कमी. आणि इतकाच बदल उन्हाने तापलेल्या चकतीमुळे, उतरत्या बॅटरीमुळे, ओल्या गवतामुळे किंवा आत तुटत आलेल्या वायरमुळेही होतो. जुन्या यंत्राची चाचणी म्हणजे या सगळ्या खोट्या बदलांना एकेक करून बाहेर काढणं. शेवटी जो उरतो, तो धातूचा.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला हा धडा फार महागात पडला. जुलै १८८१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधायला बेलने असंच यंत्र तयार केलं. आधीच्या प्रयोगांत ते व्यवस्थित चाललं होतं. रुग्णाजवळ नेल्यावर मात्र गोंधळाचे आवाज आले. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरताच करू दिला होता; गोळी डावीकडे होती. यंत्र बिचारं खरंच बोलत होतं, फक्त स्प्रिंगांबद्दल.

हातात आहे ते कोणत्या जातीचं?

हे आधी ठरवायचं, कारण एका जातीचा निरोगीपणा दुसऱ्या जातीत आजार ठरतो.

सर्वांत साध्या आणि बहुधा सर्वांत जुन्या जातीला बीएफओ म्हणतात. यात दोन आंदोलक असतात. आंदोलक म्हणजे ठरावीक कंपनसंख्येची वीज तयार करणारं छोटं सर्किट. एकाची कंपनसंख्या चकतीतल्या कॉइलवर ठरते, दुसरा डब्यात बंदिस्त असतो. दोघांच्या कंपनांतला फरक म्हणजे कानावर पडणारा सूर. तंबोरा लावताना दोन तारा जवळपास जुळल्या, की आवाजात ‘वँऽव वँऽव’ अशी लाट येते; तारा जुळत जातात तशी ती संथ होते आणि शेवटी विरते. बीएफओ ही लाटच ऐकवतो. ओळखायची खूण: डब्यावर आवाजाचं एक बटण आणि ट्यूनिंगचं एक, चकतीत एकच वेटोळं, केबलमध्ये फक्त दोन वाहक, आणि चालू केल्यावर सतत चालणारा सूर.

दुसरी जात समतोल कॉइलची. हिच्या चकतीत दोन वेटोळी असतात, एक पाठवणारं आणि एक ऐकणारं. ती एकमेकांवर अशी थोडी सरकवून बसवलेली असतात, की ऐकणाऱ्यात जवळजवळ काहीच उमटू नये. रिकाम्या पारड्यांतला फरक मोडायला काट्याला पासंग बांधतात, तसाच हा प्रकार. धातू आला की पासंग बिघडतो आणि ऐकणाऱ्या कॉइलमध्ये वीज उमटते. याच जातीच्या ३ ते ३० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्रांना व्हीएलएफ म्हणतात. सत्तरच्या दशकात ती पसरली आणि तिच्यामुळे मातीचा आवाज दाबणं शक्य झालं. डब्यावर ‘ग्राउंड’ आणि ‘डिस्क’ किंवा ‘डिस्क्रिमिनेट’ अशी बटणं दिसली, तर हीच.

तिसरी जात पल्सवाली. विहिरीत हाक मारून गप्प बसायचं आणि प्रतिध्वनी ऐकायचा, अशी तिची रीत. कॉइलमध्ये विजेचा एक जोरदार झटका, मग तो थांबल्यावर काही मायक्रोसेकंदांनी ऐकणं. ती सेकंदाला शेकडो वेळा हे करते आणि त्यामुळे बॅटरी भराभर खाते. खाऱ्या वाळूत ती बाकीच्यांपेक्षा शांत राहते, पण लोखंड आणि इतर धातू यांतला फरक मात्र तिला फारसा सांगता येत नाही.

डब्यात काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काळातले दिव्यासारखे भाग दिसले, तर मात्र थांबा. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुंगशोधकांच्या वंशातली ती यंत्रं. जोझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याच्या आराखड्याची अशी यंत्रं १९४२मध्ये एल अलामेनच्या लढाईत वापरली गेली. व्हॉल्व्हच्या सर्किटला शंभर व्होल्टच्या आसपासचा पुरवठाही लागू शकतो. पुढचं सगळं ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे ९ ते १८ व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रांबद्दल आहे.

बटण दाबण्याआधी बॅटरीचा कप्पा

पुष्कळशी ‘मेलेली’ यंत्रं इथेच मेलेली असतात. कप्प्यात विसरलेला सेल फुटतो आणि त्याचा रस पत्र्याच्या संपर्कपट्ट्या, स्प्रिंगा आणि वायर खातो. कोरडी पांढरी भुकटी दिसली आणि सेल अल्कलाइन असेल, तर ती क्षारधर्मी असते. कापसाच्या काडीवर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. जुने झिंक-कार्बन सेल फुटले असतील तर रस आम्लधर्मी असतो. तिथे खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट चालते. हातमोजे घाला, भुकटी फुंकू नका. पट्टी हिरवी-काळी झाली असेल तर बारीक सॅंडपेपरने तांबं किंवा पितळ चमकेपर्यंत घासा. वायरच्या टोकाचं आवरण एक सेंटिमीटर सोलून बघा. आत तार काळी पडली असेल तर तिला टाका लागत नाही, कथील घरंगळतं. अशी वायर बदलूनच टाका.

मग ध्रुव तपासा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या सर्किटांत डब्याचं पत्र्याचं अंग पुष्कळदा धन टोकाला जोडलेलं असतं. आजच्या सवयीने ते ऋण धरून बॅटरी उलटी लावली, तर एका सेकंदात ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. कप्प्यावरची खूण पुसली गेली असेल, तर सर्किटपट्टीवर सर्वांत मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारं नळकांडं शोधा आणि त्याच्या ऋण पायाला कोणती वायर जाते ते मल्टिमीटरने (व्होल्ट, ओहम मोजायच्या मीटरने) बघा.

एक सापळा रिचार्जेबल सेलचा. सहा साधे सेल ९ व्होल्ट देतात, सहा रिचार्जेबल सेल मात्र १.२ गुणिले ६, म्हणजे ७.२ व्होल्ट. काही यंत्रं तेवढ्यावर चालतात, काही अर्धमेली वाटतात. पहिली चाचणी नव्या साध्या सेलवरच करा.

पहिल्यांदा वीज देताना

दहा-वीस वर्षं बंद असलेल्या सर्किटला थेट बॅटरी जोडणं म्हणजे अंथरुणावरून उठलेल्याला पळायला लावणं. प्रवाहाला मर्यादा घालता येणारा पुरवठा असेल तर मर्यादा ५० मिलिॲम्पियरवर ठेवा. नसेल तर बॅटरीच्या एका वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह अडवणारा भाग) टाका आणि त्याच्या दोन टोकांतलं व्होल्टेज मोजा. १ व्होल्ट दिसलं तर प्रवाह १० मिलिॲम्पियर. छोट्या बीएफओला साधारण तेवढाच लागतो, समतोल कॉइलच्या यंत्राला त्याच्या दोन-चारपट. पण रेझिस्टरवर जवळजवळ सगळे ९ व्होल्ट दिसले, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज आडवाटेने थेट वाहतेय. लगेच बंद करा. पल्सवाल्या यंत्राला हा नियम लावू नका, त्याची भूकच मोठी असते.

शॉर्टचा पहिला संशयित म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. या छोट्या नळकांड्यात ओलसर द्रावण असतं आणि ते वर्षांनुवर्षांत सुकतं. सुकलेला कपॅसिटर वीज साठवत नाही. कधी गळती करतो, कधी नुसताच निकामी होतो. तळाशी फुगवटा, चिकट तपकिरी डाग, पायाशी हिरवट थर या त्याच्या खुणा. बाहेरून तो स्वच्छ दिसला म्हणून भरवसा ठेवू नका. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच किंवा किंचित मोठा, व्होल्टचा आकडा तोच किंवा मोठा, आणि ध्रुव मात्र तंतोतंत तेच.

इथे उत्साहाला लगाम घालायला हवा. सगळेच कपॅसिटर नवे टाकू, असं वाटतं. इलेक्ट्रोलायटिक खुशाल बदला. पण आंदोलकाजवळचे छोटे पारदर्शक पॉलिस्टायरीनचे किंवा अभ्रकाचे कपॅसिटर काढू नका. ते सहसा बिघडत नाहीत, आणि तापमानाने होणारी कॉइलची चूक ते उलट बाजूने सावरतील, अशा हिशेबाने निवडलेले असू शकतात. तिथे हाताला लागेल तो सिरॅमिक कपॅसिटर टाकला, तर यंत्र चालेल, पण ढग आला-गेला की सूर बदलेल.

डब्यातल्या कॉइलच्या मधल्या फेराइटच्या गाभ्यालाही पेचकस लावायचा नाही. तो ठिसूळ असतो आणि कारखान्यात एकदाच लावलेला असतो. फिरवायचाच झाला तर आधी जागेची खूण करा आणि प्लास्टिकचा पेचकस घ्या, कारण लोखंडाचा पेचकस जवळ आला की सूर त्यामुळेच बदलतो.

आणखी एक खास जुना रोग. एएफ११४ ते एएफ११७ या क्रमांकांचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर पत्र्याच्या उंच टोपीत यायचे. टोपीच्या आतून कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या भागाला टोपीशी जोडून टाकतात. त्याला चार पाय असतात. त्यांतला टोपीला जोडलेला पाय सर्किटपासून सोडवला, की अनेकदा बिचारा पुन्हा कामाला लागतो.

बटणं फिरवताना खरखर येत असेल, तर काही फार बिघडलेलं नसतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बटणाच्या आतल्या पट्टीवर मारून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. तेल मात्र घालू नका, त्याला धूळ चिकटते.

कॉइल आणि केबल

डब्यानंतरचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे केबल जिथे चकतीत शिरते ती जागा. दांडा उघडताना-मिटताना ती तिथेच वाकते. यंत्र बंद करा, केबल सुटत असेल तर काढा, आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून कॉइलच्या टोकांना लावा. बीएफओच्या किंवा पाठवणाऱ्या कॉइलचा रोध थोडासा, काही ओहम ते काही दशक ओहम असतो. ऐकणाऱ्या कॉइलची तार बारीक आणि वेढे जास्त, म्हणून तिचा त्याहून बराच जास्त. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली. आकडा दिसतोय, पण केबल वाकवताना नाचतोय, तर ती तुटायच्या बेतात आहे. अशी केबल तुटक्या जागेच्या अलीकडे कापून पुन्हा जोडता येते. वायरींचा क्रम मात्र कापण्याआधी कागदावर लिहून ठेवा.

चकतीत कॉइलभोवती पुष्कळदा ग्राफाइटचा रंग किंवा पातळ पत्र्याचं आवरण असतं. हात किंवा ओलं गवत जवळ आल्यावर जो विद्युत परिणाम होतो, तो अडवणं हे त्याचं काम. या आवरणात एका जागी मुद्दाम फट ठेवलेली असते. तिला चीर समजून जोडू नका, नाहीतर पूर्ण वलय तयार होतं आणि यंत्राला ते एक मोठी धातूची बांगडी वाटतं. ज्या स्वस्त यंत्रांत आवरणच नाही, ती हाताला दचकणारच.

समतोल कॉइलची चकती बहुतेक वेळा इपॉक्सीने भरून सील केलेली असते. टकटक केल्यावर आत काही हलल्यासारखा आवाज आला, तर काहीतरी सुटलंय. आता खरी अडचण आहे. त्या दोन वेटोळ्यांचा पासंग मिलिमीटरच्या अंशात लावलेला असतो. चकती फोडली तर तो घरी पुन्हा लागणं ऑसिलोस्कोपशिवाय, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय, जवळजवळ अशक्य. पाणी शिरल्याचा संशय असेल तर आधी आठवडाभर कोरड्या, उबदार जागेत ठेवा. ओव्हनमध्ये नको.

आवाज येतो, पण कॉइल जिवंत आहे की नाही ते कळत नाही? बीएफओ असेल तर एएम रेडिओ मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावून चकतीवर धरा आणि रेडिओची सुई हळूहळू फिरवा. आंदोलक चालू असेल तर ठरावीक अंतराने रेडिओ दबतो किंवा शिटी मारतो. आंदोलक १०० किलोहर्ट्झचा असेल तर त्याच्या पटीतल्या लहरी ६००, ७००, ८०० अशा जागी सापडतात. व्हीएलएफसाठी शंभरेक वेढ्यांची एक साधी कॉइल गुंडाळा, ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा आणि चकतीजवळ न्या. ५–६ किलोहर्ट्झचं यंत्र असेल तर बारीक शिटी कानांनीच ऐकू येते.

घरात तपासलं तर घर ऐकू येतं

जमिनीच्या स्लॅबमध्ये सळ्या आहेत, भिंतीत वायरी, टेबलाला खिळे. शिवाय एलईडी दिव्यांचे चालक, चार्जर, इंडक्शन शेगडी, मोबाइल हे सगळे ज्या कंपनसंख्यांवर कुजबुजतात, त्याच पट्ट्यात हे यंत्र कान लावून बसलेलं असतं. ते बनलं तेव्हा यांतलं बहुतेक काही नव्हतंच. म्हणून तपासणी उघड्यावर करा. चकती लाकडी किंवा प्लास्टिकच्या आधारावर आडवी ठेवा. भोवती दीड मीटरपर्यंत धातू नको. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, पोलादी टोकाचे बूट काढून ठेवा. मोबाइल खिशात नको. बंद केलेलाही नको, कारण बंद मोबाइलही धातूच असतो.

बीएफओ ऐकायला शिकणं

चालू करून दहा मिनिटं तसंच राहू द्या. ट्यूनिंगचं बटण फिरवलं, की सूर उतरत उतरत गुरगुर होतो, मग सुट्या टकटकीत बदलतो, मग थांबतो, आणि पुढे फिरवलं की पलीकडे पुन्हा चढतो. मधली थांबलेली जागा म्हणजे दोन्ही आंदोलक जुळलेले. काम करायचं ते त्याच्या एका कडेला, टकटक सुरू होते तिथे. कारण ३०० कंपनांचा सूर ३०५ झाला तर कानाला सहज कळत नाही. १० टकटकींच्या १५ झाल्या तर लगेच कळतं.

कोणत्या कडेला? एक तांब्याचं जाड नाणं जवळ न्या. टकटक जलद व्हायला हवी. मंद होऊन थांबत असेल, तर तुम्ही चुकीच्या कडेला आहात. योग्य कडेला खिळा नेला तर उलट परिणाम होतो. पण लोखंडाचा रुंद सपाट पत्रा फसवतो: त्यात भोवरा-प्रवाह इतके जोरदार असतात, की तो तांब्यासारखं बोलतो.

आता आपोआप सरकणाऱ्या सुराचं गणित. १०० किलोहर्ट्झच्या आंदोलकात कॉइलचा गुणधर्म दहा हजारांत एक भाग बदलला, तर कंपनसंख्या ५ने हलते. नाणं इतकंच करतं. पण कपॅसिटर अंशामागे दहा हजारांत एक भाग बदलणारा असेल, तर एक अंश सेल्सिअस तापमानवाढही तेच ५ देते. नाणं क्षणात येतं-जातं, ऊब सावकाश चढते. त्यामुळे मिनिटाला एखाददोनदा ट्यूनिंग सावरावं लागणं हा बीएफओचा स्वभाव. दहा मिनिटांनंतरही सेकंदागणिक सावरावं लागत असेल, तर तो बिघाड. बॅटरी, कपॅसिटर, कोरडे टाके या क्रमाने बघा.

एक वेगळं लक्षण: टकटक मुळी येतच नाही, सूर गुरगुरीवरून एकदम गप्प होतो आणि बटण बरंच फिरवल्यावर पलीकडे एकदम उगवतो. दोन्ही आंदोलक एकमेकांना ओढून जुळवून घेतात, म्हणून असं होतं. तेवढ्या पट्ट्यात यंत्र बहिरं असतं आणि लहान नाणी तिथेच हरवतात. थोडी ओढ प्रत्येक बीएफओत असते, पण ती फार असेल तर वीजपुरवठ्यावरचा मोठा कपॅसिटर बहुधा सुकलाय. एका आंदोलकाची वीज त्यातून दुसऱ्यात झिरपते.

हवेतली चाचणी

चकतीच्या मध्यावर उभी लाकडी किंवा प्लास्टिकची फूटपट्टी धरा. नमुने ठरलेले ठेवा: तांब्याचं किंवा चांदीचं नाणं, लोखंडी खिळा, पेयाच्या कॅनचं टोपण, चुरगळलेला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा. नाण्याला आधी चुंबक लावून बघा. आजची कितीतरी नाणी आतून पोलादी असतात आणि त्यांच्यावर केलेली चाचणी काहीच सांगत नाही. नाणं काडीच्या टोकाला चिकटवा, म्हणजे हाताचा परिणाम मिसळणार नाही. सपाट बाजू चकतीकडे ठेवून दहा वेळा हलवा. दहापैकी दहा वेळा कळलं, तेच खरं अंतर. ‘एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं’ ते लिहू नका. नंतर नाणं काठावर उभं करून पुन्हा. अंतर बरंच घटेल, कारण भोवरा-प्रवाहाला फिरायला जागाच उरत नाही.

मोठ्या नाण्याला जुना बीएफओ दहा सेंटिमीटरच्या आसपास देत असेल तर तो तब्येतीने बरा आहे. चांगल्या व्हीएलएफकडून वीस-पंचवीसची अपेक्षा ठेवा. नाणं स्थिर धरल्यावर आवाज मावळत असेल, तर घाबरू नका. ऐंशीच्या दशकातली बरीच यंत्रं चकती हलती असतानाच बोलतील अशीच बनवलेली आहेत. तासभर चालवून पुन्हा मोजा. अंतर पाव भागाने घटलं, तर आधी चालू स्थितीत बॅटरीचं व्होल्टेज बघा.

मातीत आकडा का घटतो?

मातीत लोहखनिजाचे कण असतात. नाणं मूठभर, आणि चकतीखालची माती कित्येक किलो. तिचा आवाज नाण्यापेक्षा मोठा येतो. लाल किंवा काळ्या खनिजयुक्त मातीत हवेतलं अंतर अर्ध्यावर येणं नेहमीचं आहे. ग्राउंडचं बटण हा मातीचा आवाज वजा करतं. धातू नसलेल्या जागी चकती ३० सेंटिमीटर वर धरा, यंत्र पुन्हा शून्यावर आणणारं बटण असेल तर दाबा, आणि चकती खाली टेकवा. सूर चढला तर ग्राउंडचं बटण एका बाजूला थोडं फिरवा, उतरला तर दुसऱ्या. वरखाली करताना सूर हलेनासा होईपर्यंत हेच. हे बटण बहुतेक वेळा एकाऐवजी दहा फेऱ्यांचं असतं, त्यामुळे काहीच फरक पडत नाही असं सुरुवातीला वाटतं.

चाचणीसाठी नाणी पुरायची तर ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर, एकमेकांपासून मीटरभर लांब. याहून बरा उपाय म्हणजे एक प्लास्टिकची नळी तिरपी पुरून ठेवायची आणि काडीला चिकटवलेलं नाणं आत सरकवायचं. माती एकदाच उकरली जाते आणि खोली हवी तशी बदलता येते. उकरताना तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं, तर हात न लावता मागे व्हा आणि पोलिसांना कळवा.

‘बॅटरी वाढवली तर खोल जाईल ना?’

ही शंका सर्वांना येते. कॉइलपासून लांब गेलं, की क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होतं. नाण्याचं उत्तर परत येताना पुन्हा घनाने. म्हणजे अंतर दुप्पट झालं तर आवाज चौसष्टावा भाग उरतो. ९ऐवजी १२ व्होल्ट दिले आणि क्षेत्र त्याच प्रमाणात वाढलं असं धरलं, तरी खोली जेमतेम ५ टक्क्यांनी वाढते; २० सेंटिमीटरचे २१ होतात. त्या एका सेंटिमीटरसाठी जुने कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर पणाला लावायचे का?

मोठी चकती मोठ्या वस्तूला खोलवर नक्की शोधते. पण लहान नाणं तिच्या पसरट क्षेत्रात हरवतं, आणि दुसऱ्या यंत्राची चकती जोडली तर आंदोलक किंवा पासंग हुकतो.

‘सोनं वेगळं ओळखता येईल?’

नाही. डिस्क्रिमिनेशनचं बटण भोवरा-प्रवाह किती उशिरा उत्तर देतो, ते बघून निवड करतं. तो उशीर धातू, आकार आणि जाडी अशा तिन्हींवर ठरतो. बारीक सोन्याची अंगठी आणि कॅनचं टोपण यांची उत्तरं एकमेकांत मिसळतात. टोपणं गाळायला बटण वर चढवलं, की काही अंगठ्याही गळतात. हे नव्या यंत्रांतही पूर्ण सुटलेलं नाही.

आणि अडगळीत दांडा व चकतीऐवजी नुसती मूठ आणि तिला डुलणारी धातूची काडी सापडली, ‘शंभर मीटरवरून सोनं दाखवतो’ अशी चिठ्ठी लावलेली, तर तिची चाचणी घेण्यात वेळ घालवू नका. त्यात कॉइल नाही, क्षेत्र नाही. अशाच धर्तीचं एडीई ६५१ हे ‘बॉम्बशोधक’ विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली.

‘मग नवाच का घेऊ नये?’

नाणी शोधायची असतील तर नवाच घ्या. तो हलका असतो, माती स्वतः सांभाळतो आणि आकड्याने उत्तर देतो. जुना ठेवावा तो भिंतीतली पाइप, गवतात पडलेली चावी, पुरलेलं झाकण अशा उथळ आणि मोठ्या गोष्टींसाठी, किंवा आतलं शास्त्र कानाने कळावं म्हणून. नव्या यंत्राचा संगणक निकाल सांगतो. बीएफओ प्रत्येक बदल ऐकवतो, निकाल तुमच्यावर सोडतो.

पासंग बिघडलेली सील चकती आणि जुळणारी दुसरी न मिळणं, एवढाच एक बिघाड असा आहे की जिथे थांबलेलं बरं. बाकी दुरुस्ती एका संध्याकाळची. काम संपलं की मोजलेली अंतरं, बदललेले भाग आणि बॅटरीचा ध्रुव एका कागदावर लिहून तो डब्याच्या झाकणात चिकटवा, सेल बाहेर काढा, आणि केबल दांड्याभोवती घट्ट न आवळता सैल वळवून ठेवा.